कोलामार्कात रस्ता पोचण्याआधी

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी तालुक्यात कमलापूर आहे. वनखात्याचा हत्ती कॅम्प इथलाच. आलापल्लीकडून येणारे हौशी पर्यटक हत्तींची आंघोळ बघतात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत परत फिरतात. २०२२ मध्ये हे हत्ती गुजरातेत हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जिल्ह्यातली माणसे संतापली, निवेदने निघाली, आंदोलने झाली. त्याच कमलापूर वनपरिक्षेत्रात, आणखी आत, इंद्रावतीच्या अंगाला असलेल्या कोलामार्काच्या जंगलात महाराष्ट्रातल्या सर्वांत दुर्मीळ मोठ्या प्राण्यांपैकी एक चरत असतो. त्याच्यासाठी मोर्चा निघणे कठीण आहे. तो तिथे आहे हेच पुण्या-मुंबईतल्या कितीशा माणसांना माहीत असेल? तो प्राणी म्हणजे रानम्हैस.

रानम्हैस म्हणजे गवा नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात राहणारा, कधी वाट चुकून शहरात शिरला की दिवसभर वाहिन्यांवर झळकणारा गवा हा निराळा प्राणी आहे. लोक त्याला गवारेडा म्हणतात आणि तिथून घोटाळा सुरू होतो. रानम्हैस ही आपल्या गोठ्यातल्या म्हशीच्या मूळ वंशातली. अंगापिंडाने मात्र कितीतरी दांडगी. पूर्ण वाढलेला रानरेडा हजार किलोच्या पुढे जाऊ शकतो आणि त्याच्या शिंगांचा पसारा गाय-म्हशींच्या साऱ्या रानटी कुळात सर्वांत मोठा असतो. गुडघ्यांखालचे पाय मळकट पांढरे, गळ्याखाली पांढरट पट्टा. वाघसुद्धा भरल्या अंगाच्या रेड्याच्या वाटेला सहसा जात नाही, पारडांवर डोळा ठेवतो.

आता आकडे. २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळपास ११ कोटी म्हशी भरल्या. एकट्या महाराष्ट्रात सुमारे ५६ लाख. आणि रानम्हशी? साऱ्या जगात मिळून चार हजारांच्या आत, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा अंदाज आहे. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक भारतात आहेत आणि भारतातल्या बहुतेक आसामात, त्यातही काझीरंगात. नेपाळ, भूतान, थायलंड, कंबोडिया इथे थोड्याथोडक्या उरल्या आहेत. मध्य भारतात, म्हणजे छत्तीसगडचा बस्तर-रायपूर पट्टा आणि आपली गडचिरोली धरून, त्या शंभरही भरत नाहीत असे मानले जाते. कोलामार्कातला कळप तर इतका लहान आहे की एका साथीत किंवा एका कडक उन्हाळ्यात त्याचा हिशेब आटोपू शकतो.

या मोजक्या म्हशी आजवर कशा टिकल्या, याचे उत्तर सरकारी अहवालांत सरळ लिहिलेले सापडत नाही. कायद्याने त्यांना वाचवले म्हणावे, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्या पूर्वीपासून होत्या. तरीही बस्तरातल्या जंगलांमागून जंगले रिकामी होत गेली. १९८१ मध्ये इंद्रावती राष्ट्रीय उद्यान झाले, १९८३ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प बनले. त्याच वर्षी पामेड आणि भैरमगड ही अभयारण्ये रानम्हशींसाठी जाहीर झाली. कागदावर संरक्षणाची कडेकोट तटबंदी होती. प्रत्यक्षात पुढची तीस-चाळीस वर्षे या भागात वनरक्षकाला गस्त घालता येत नव्हती. नक्षलवादी आणि सुरक्षा दले यांच्यामधल्या भीतीच्या प्रदेशात ही सगळी जंगले अडकून पडली. मोजणी नाही, अभ्यास नाही, पाणवठ्यांची दुरुस्ती नाही. पण रस्ता नाही, खाण नाही, ठेकेदार नाही आणि हौशी शिकाऱ्यांच्या जीपगाड्याही नाहीत. अर्थात शिकार अजिबातच होत नव्हती, असे कुणी म्हणू नये. भुकेचे आणि बंदुकीचे राज्य असलेल्या जंगलात जनावरे सुखात नांदतात ही शहरी कल्पना आहे. इतके मात्र खरे की इंद्रावतीच्या दोन्ही काठांवर वस्ती विरळ राहिली आणि म्हशींना लपायला जागा मिळाली.

ही परिस्थिती आता झपाट्याने पालटते आहे. २०२५ मध्ये अबूझमाडात माओवाद्यांचा सरचिटणीस मारला गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वरिष्ठ नेता भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. जिल्ह्यातल्या माणसांना याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. ज्यांनी दोन्ही बाजूंच्या बंदुका सोसल्या, त्यांच्या सुखाआड कुणी म्हशी आणू नयेत. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज निघू लागलेच आहे. पूल होतील, मोबाइलचे मनोरे उभे राहतील, दवाखाने येतील, ते यायलाच हवेत. प्रश्न एवढाच की या सगळ्याच्या आराखड्यात कोलामार्का कुठे बसते. शांतता आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एखाद्या जंगलाचे जे होते, तेच पुढे पन्नास वर्षे राहते. रस्त्याची आखणी, पाणवठ्यांवरचा हक्क, कोणती गुरे कुठे चरणार हे सगळे याच काळात ठरून जाते.

आणि इथेच एक गोष्ट बहुतेक चर्चांत निसटते. धोका म्हटला की आपल्याला बंदूक, फासा, खाण आणि ट्रक आठवतात. रानम्हशीचा सर्वांत मोठा वैरी यांपैकी कुणी नाही. तिचा सर्वांत मोठा धोका म्हणजे गावातली म्हैस.

हे ऐकायला विचित्र वाटते. पण जगभरातले अभ्यासक याबाबत एकमताच्या जवळ आहेत. रानटी आणि पाळीव म्हशींचा संकर सहज होतो आणि होणारी प्रजा पुढे विणारी असते. कळपातून हुसकावलेला रानरेडा गावच्या म्हशींमागे येतो. गावची मोकाट सुटलेली म्हैस रानकळपात मिसळते. आसामात नदीकाठच्या खुट्यांवर, म्हणजे गुरांच्या तळांवर, म्हशी पाळणाऱ्यांना पूर्वापार असे वाण आवडत आले आहे. रानरेड्यापासून झालेले पारडू थोराड होते, पाण्यात-चिखलात टिकते. पण ते रागीट निघते, आवरत नाही आणि पारडाचे डोके व खांदे मोठे असल्याने म्हशीला वेताच्या वेळी जड जाते. पाळणाऱ्याला यात थोडा फायदा, थोडा तोटा. रानकळपाला मात्र निव्वळ तोटा. एकदा पाळीव रक्त कळपात शिरले की दिसायला म्हशी तशाच राहतात, मोजणीत संख्या तेवढीच भरते, अहवालात वाढलेलीही दिसते. मूळ वंश मात्र आतून झिजत असतो. वाघाची शिकार झाली तर निदान कातडे सापडते आणि गुन्हा दाखल होतो. इथे ना मृतदेह असतो ना आरोपी.

सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा नेमका पकडला होता. गोदावर्मन तिरुमलपाद खटल्यात फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या निकालात न्यायालयाने छत्तीसगड सरकारला रानम्हशी वाचवण्यासाठी केंद्राची योजना राबवायला सांगितले आणि रानटी व पाळीव म्हशींचा संकर होऊ नये, वंशशुद्धता टिकावी यासाठी तातडीने पावले उचलण्याचा आदेश दिला. माणसाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या विचारातून बाहेर पडण्याची भाषा या निकालात आहे, म्हणून कायद्याचे विद्यार्थी तो वाचतात. म्हशींच्या दृष्टीने त्यातला संकराचा परिच्छेद जास्त मोलाचा होता. त्याची अंमलबजावणी करायची तर गावोगाव जाऊन पाळीव गुरांबद्दल बोलावे लागते. ते काम कष्टाचे आणि अनाकर्षक. त्याऐवजी छत्तीसगडमध्ये जे गाजले, ते भलतेच.

छत्तीसगडच्या गरियाबंद भागात उदंती अभयारण्य आहे. रानम्हैस हा राज्याचा राज्यप्राणी. वनखाते आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी २००५ च्या सुमारास तिथे संवर्धनाचे काम हाती घेतले आणि दोन वर्षांत लक्षात आले की उदंतीत नर उरलेत अर्धा डझन आणि मादी एक. एकच. तिचे नाव ठेवले आशा. तिला कुंपणात घेऊन प्रजननाचा प्रयत्न झाला. तिला झालेली पारडे बहुतेक नर निघाली. लहान संख्येचा हा शाप असतो: हजारांच्या कळपात नर-मादीचे प्रमाण आपोआप जुळते, सात-आठ जनावरांत ते नशिबावर असते आणि नशीब फिरले की वंश खुंटतो.

मग विज्ञानाची वाट धरली गेली. हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने म्हशीच्या क्लोनिंगमध्ये नाव कमावले होते. २००९ मध्ये तिथल्या 'गरिमा'ची बातमी जगभर गेली. आशाच्या पेशींपासून त्यांनी १२ डिसेंबर २०१४ रोजी दीपआशा जन्माला घातली. रानम्हशीचा हा पहिलाच क्लोन म्हणून केवढा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये तिला नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणले गेले. आणि ती वाढू लागली तसतशी लोकांनी शंका काढायला सुरुवात केली, की ही रानम्हशीसारखी दिसतच नाही, मुऱ्हा म्हशीसारखी दिसते. तो वाद बाजूला ठेवला तरी क्लोनिंगची मर्यादा मुळातच उघड होती. या पद्धतीत स्त्रीबीज पाळीव म्हशीचे वापरले जाते, त्यामुळे पेशीकेंद्राबाहेरचा जनुकीय वारसा तिचाच येतो. शिवाय आशाची हुबेहूब प्रत म्हणजे वंशाला नवे रक्त नव्हे. आहे तेच रक्त पुन्हा. आणि समजा ती प्रत शंभर टक्के अस्सल निघाली असती, तरी तिला सोडायचे कुठे? ज्या जंगलात आशाचे सगेसोयरे टिकू शकले नाहीत, त्याच जंगलात. प्रयोगशाळेची करामत मान्य करूनही म्हणावे लागते की हा प्रश्न प्रयोगशाळेचा नव्हताच.

त्यानंतरचा मार्ग आसामातून रानम्हशी आणण्याचा. २०२० मध्ये मानस राष्ट्रीय उद्यानातून एक नर आणि एक मादी सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून छत्तीसगडच्या बारनवापारा अभयारण्यात पोचली. २०२३ मध्ये आणखी चार माद्या आणल्या गेल्या. यावर जाणकारांत दोन तट आहेत. एका बाजूचे म्हणणे, मध्य भारतातल्या म्हशी शेकडो पिढ्या कोरड्या, टणक जमिनीच्या साल-सागाच्या जंगलात वाढल्या, ब्रह्मपुत्रेच्या दलदलीतल्या म्हशींशी त्यांची गल्लत करू नये. दुसरी बाजू म्हणते, उरलेल्या रक्तात विविधताच नसेल तर शुद्धतेचे कौतुक काय करायचे? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या वादातून कोलामार्काचे महत्त्व मात्र दसपट वाढते. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने रानम्हशींच्या जनुकांचा अभ्यास केला आहे. मध्य भारतीय वाण म्हणून काही शिल्लक असेल, तर ते इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवरच्या याच कळपांत आहे. उदंतीचा धागा तुटल्यात जमा आहे. म्हणजे छत्तीसगडच्या राज्यप्राण्याचे भवितव्य काही अंशी महाराष्ट्राच्या हाती आले आहे आणि मुंबईतल्या मंत्रालयात कुणाला त्याची फारशी जाणीव असल्याचे दिसत नाही.

महाराष्ट्राने काहीच केले नाही असे नाही. २०१३ मध्ये सुमारे १८० चौरस किलोमीटरचा कोलामार्का टापू संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. या दर्जाची खुबी अशी की त्यात भोवतालच्या लोकांचे हक्क शाबूत राहतात आणि व्यवस्थापनात त्यांना स्थान असते. पुढे त्याला अभयारण्याचा दर्जा देण्याच्या दिशेने पावले पडली. दर्जा वाढला की निधी वाढतो, कर्मचारी वाढतात, हा त्यामागचा हिशेब. पण अभयारण्य म्हटले की इथल्या माडिया आदिवासींच्या गावांत पहिला प्रश्न उठतो, तो आपल्याला उठवणार का, हा.

हा प्रश्न उगाच उठत नाही. १९८०च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणे घाटत होती. ती झाली असती तर आज ज्याला आपण रानम्हशींचा शेवटचा आसरा म्हणतो, त्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला असता. बाबा आमटे यांनी १९८४ मध्ये 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन उभे केले. गडचिरोलीतल्या आदिवासींनी मोठ्या संख्येने त्यात उडी घेतली आणि धरणे मागे पडली. रानम्हशी वाचल्या त्या वनखात्याच्या फायलीमुळे नव्हे, तर गाव वाचवायला निघालेल्या माणसांमुळे. त्याच आंदोलनाच्या मुशीतून पुढे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखासारखी गावे घडली आणि २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या जिल्ह्याचा हा इतिहास आहे, तिथे रानम्हशीच्या नावाने गावांना दूर सारणे अन्यायाचे होईल, आणि त्याहून साधी गोष्ट म्हणजे ते जमणारही नाही. जंगलातला पाणवठा कुठला कोरडा पडला, कळप कुठल्या ओढ्याला आला, कुणाच्या म्हशी त्यात मिसळल्या, हे ज्याला ठाऊक असते तो माणूस कोलामार्काच्या गावांतच राहतो.

यासाठी डोळ्यांपुढे ठेवावे असे उदाहरण त्याच मानसचे आहे, जिथून म्हशी आणल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून बोडो आंदोलनाच्या धामधुमीत मानसची धूळधाण झाली. चौक्या जळाल्या, गेंडे एकूण एक मारले गेले, १९९२ मध्ये युनेस्कोने हे उद्यान धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकले. २००३ च्या करारानंतर शांतता आली. तेव्हा भोवतालच्या बोडो तरुणांनी माओझिगेंद्री नावाची संस्था काढली. काल जे शिकार करत होते, त्यांतल्या काहींनी बंदुका जमा केल्या आणि त्यांनाच गस्तीवर घेतले गेले. जंगलाच्या आडवाटा त्यांच्याइतक्या कुणाला माहीत असणार? २०११ मध्ये मानस त्या यादीतून बाहेर आले. सगळे गोडगोड झाले असे नाही. अतिक्रमणे झाली, मधून मधून हिंसाचारही झाला. पण करारानंतरच्या पहिल्या वर्षांत स्थानिक माणसांना पगारी आणि मानाचे काम मिळाले, हा फरक निर्णायक ठरला. गडचिरोलीत शरण आलेल्या तरुणांच्या पुनर्वसनाची योजना आहेच. त्यातल्या काहींना वनखात्याने पाऊलखुणा ओळखण्याच्या, पाणवठे राखण्याच्या, गुरांच्या लसीकरणाच्या कामावर का घेऊ नये?

लसीकरणाचा उल्लेख सहज आलेला नाही. मध्य भारतातल्या रानम्हशी आणि गवे शिकाऱ्यांइतकेच रोगांनी संपवले. त्यात सर्वांत भयंकर बुळकांडी. हा रोग गावच्या गुरांतून जंगलात जाई आणि कळपच्या कळप झोपवी. इंग्रज सरकारने १८८९ मध्ये पुण्यात जिवाणूशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तिच्यापुढचे एक मोठे काम बुळकांडी हेच होते. चार वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि तिथे लशीवर काम झाले. अखेर भारत २००६ मध्ये बुळकांडीमुक्त जाहीर झाला आणि २०११ मध्ये जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा रोग. पण लाळ्या-खुरकूत आहे, घटसर्प आहे, फाशी आहे. उन्हाळ्यात ओढे आटले की गावची गुरे आणि रानम्हशी एकाच डबक्यावर येतात. एरवी कळप माणसाला टाळतो. एप्रिल-मे मध्ये पाणी त्यांना एकत्र आणते. केंद्राचा लाळ्या-खुरकूत निर्मूलन कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे. पोलादी कुंपणाच्या खर्चाच्या मानाने कोलामार्काभोवतीच्या प्रत्येक गावातले प्रत्येक जनावर दर सहा महिन्यांनी टोचणे ही किरकोळ बाब आहे. ती फक्त नियमाने करावी लागते. आणि रस्ता नसलेल्या गावात पशुवैद्यकाने पावसाळ्याआधी पोचणे हे सरकारी यंत्रणेला क्लोनिंगपेक्षा अवघड जाते.

आता त्या गावच्या म्हशीकडे पुन्हा वळू या, कारण सगळ्यांत मोठी चूक अजून व्हायची आहे आणि ती टाळता येण्यासारखी आहे. बस्तर-गडचिरोलीच्या आतल्या माडिया गावांत दुधासाठी जनावर पाळण्याची रीत पूर्वापार नव्हती. गाय-बैल असतात ते शेतीला. त्यामुळेच कदाचित संकराचा जोर इंद्रावतीकाठी इतर ठिकाणांइतका वाढला नाही. रस्ता पोचला की शासनाच्या योजना पोचतात आणि विदर्भ-मराठवाड्यासाठी दुग्धविकासाचा खास प्रकल्प आहे. अनुदानावर दुधाळ गाई-म्हशींचे गट वाटायची योजनाही आहे. हेतू चांगला आहे. गडचिरोलीच्या आतल्या घरांत दूध आणि त्यातून चार पैसे आले तर कुणाला नको आहे? पण समजा उद्या कोलामार्काच्या वेशीवरच्या गावांत अशा योजनेतून शे-दोनशे मुऱ्हा किंवा नागपुरी म्हशी आल्या, आणि त्या सवयीप्रमाणे मोकळ्या चरायला जंगलात सोडल्या गेल्या, तर दोन-तीन पिढ्यांत रानम्हशीचा वंश संपेल. कुणी गोळी झाडणार नाही, कुणी झाड तोडणार नाही. एका खात्याने राखलेला प्राणी दुसऱ्या खात्याच्या अनुदानाने पुसला जाईल.

यावर उपाय इतका साधा आहे की तो सुचवताना संकोच वाटावा. या पट्ट्यात म्हैस वाटू नका, गाय द्या. गाय आणि म्हैस यांचा संकर होत नाही. शेळ्या द्या, कोंबड्या द्या, ज्याला जे हवे ते द्या, म्हैस तेवढी नको. आणि ज्यांच्याकडे आधीच म्हशी आहेत त्यांना चांगल्या किमतीत गाईंशी अदलाबदल करून द्या. हे जबरदस्तीने नव्हे, ग्रामसभेत बसून. वनखाते आणि पशुसंवर्धन खाते यांनी एका टेबलावर बसून सही करण्याचा हा विषय आहे. तेवढ्याने धोका पुरता टळणार नाही, पण त्याचे मूळ तुटेल.

गवताचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' नावाचे तिथले जुने जंगल २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाले. झाडाला मान देण्याची आपल्या वनव्यवस्थेची सवय जुनी आहे. गवताळ मोकळीक दिसली की तिला पडीक समजून तिथे रोपे लावायची, ही त्याच सवयीची दुसरी बाजू. रानम्हैस झाडपाल्यावर जगत नाही, तिला ओलाव्याचे गवत लागते, लोळायला चिखल लागतो. मोहफुले वेचण्यासाठी, तेंदूच्या हंगामासाठी दर उन्हाळ्यात लागणारे वणवे गवताला काही काळ नवे कोंब आणतात, पण अवेळी आणि वारंवार लागले तर सावलीची ओली बेटेच नाहीशी होतात. कोलामार्कात नव्या रोपवनांवर बंदी आणि कुरणांची निगा, एवढे जरी व्यवस्थापन आराखड्यात आले तरी पुष्कळ झाले.

नेपाळात कोशी टप्पू येथे १९७६ मध्ये राखीव क्षेत्र स्थापन झाले तेव्हा ६३ रानम्हशी मोजल्या गेल्या होत्या. आता तो आकडा साडेचारशेच्या पुढे आहे. म्हणजे थोड्या संख्येवरून कळप सावरू शकतो. पण सगळी जनावरे एकाच नदीच्या काठी असल्याने २००८ च्या कोशीच्या महापुराने सगळ्यांचेच काळीज हलवले. म्हणून २०१७ मध्ये पंधरा म्हशी चितवनात नेल्या. त्यातल्या काही पुढे पुरात, आजारांत दगावल्या. दुसरे घर वसवणे हे काम मंदगतीचे असते. कोलामार्कातल्या म्हशी पकडून कुठेतरी पिंजऱ्यात प्रजननासाठी न्याव्यात, अशी कल्पना मधून मधून डोके वर काढते. उदंतीनंतर त्या कल्पनेबाबत सावध राहायला हरकत नाही. आठ-दहा माद्यांच्या कळपातून दोन काढल्या तर तिथे काय उरते, याचा हिशेब आधी मांडायला हवा. रानम्हशीचा गर्भकाळ दहा-अकरा महिन्यांचा, एका वेळी एकच पारडू, आणि दोन वेतांत साधारण दोन वर्षांचे अंतर. कागदावर लिहायला पाच वर्षांचा प्रकल्प पुरतो. म्हशीला पाच वर्षांत जेमतेम दोन-तीन पारडे होतात.

महाराष्ट्राला म्हैस परकी नाही. गावाच्या वेशीवर म्हसोबा आहे. रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची ज्ञानेश्वरांची कथा घराघरांत आहे आणि जुन्नरजवळच्या आळ्याला त्या रेड्याची समाधीही आहे. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून दूध देण्याची रीत अजून आहे, आणि तलवारीसारखी शिंगे मिरवणारी पंढरपुरी म्हैस हा या राज्याचा अभिमान आहे. या सगळ्या म्हशींचे मूळ कुळ एका नदीकाठी तग धरून आहे, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीनेही येत नाही. वाघाला ताडोबा आहे, सफारीचे उत्पन्न आहे, ब्रँड आहे. रानम्हशीला ते लाभणार नाही आणि लाभू नये. कोलामार्कात जीपगाड्यांची रांग लागली तर कळप पहिल्या हंगामातच नदी ओलांडेल.

आणि नदी ओलांडली की तो कळप कुणाचा? पलीकडे इंद्रावती व्याघ्र प्रकल्प आहे, बिजापूर जिल्हा आहे, दुसरे राज्य आहे. म्हशींना इंद्रावती ही सीमा वाटत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की त्या इकडून तिकडे जातात. दोन्ही राज्ये आपापल्या काठावर आपापल्या पद्धतीने, आपापल्या वर्षी मोजणी करतात, तेव्हा तीच म्हैस दोनदा धरली जाते किंवा एकदाही धरली जात नाही. आता सुरक्षा दलांशिवाय जंगलात पाऊल टाकता येऊ लागले आहे. तेव्हा येत्या उन्हाळ्यात, पाणवठे मोजके उरलेले असताना, दोन्ही राज्यांच्या वनखात्यांनी एकाच आठवड्यात एकाच पद्धतीने मोजणी करावी, शेणाच्या नमुन्यांवरून हैदराबादला जनुकीय तपासणी करून घ्यावी, आणि त्यात कोलामार्का व इंद्रावतीकाठच्या गावांतली माणसे पगारावर घ्यावीत. मोजणी झाल्यावर आकडा लहान निघेल, वीस निघेल की चाळीस हे कुणी सांगू शकत नाही, पण तो दोन्ही सरकारांच्या सहीने निघेल. त्यानंतर अहेरी आणि बिजापूरच्या पशुसंवर्धन कार्यालयांत दुधाळ गटांच्या अर्जांवर सह्या करणाऱ्या अधिकाऱ्याला कळेल, की कोणत्या गावांच्या यादीपुढे म्हैस लिहायची नाही.